पोटावरची पिशवी आणि पोटातली पिशवी

शेकायची रबरी पिशवी, दोन लिटरची, लाल, दोन्ही अंगांना उभ्या रेघा. 2021 च्या डिसेंबरात तालुक्याच्या मेडिकलमधून 240 रुपयांना घेतली आणि चार हिवाळे वापरली. यंदा दिवाळीच्या तोंडावर ती गळ्यापाशी चिरली आणि रात्री अर्धी गादी ओली झाली. मग तशीच दुसरी आणली. चार वर्षं वापरल्यावर जुनीबद्दल बोलायचा हक्क आपल्याला आहे असं समजून लिहिते. पाचपैकी चार स्टार. चार कशाचे ते आधी सांगते. पाचवा कापला त्याची गोष्ट मोठी आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, नदीच्या अंगाला. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मी बी.ए. झालेली आहे, घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, आणि वेचणीच्या दिवसांत वावरात जाते. पोरगा पाचवीत आहे. पाळीत पोट दुखणं लग्नाआधीपासूनचं. साधं दुखणं म्हणत नाही मी. कमरेतून मांड्यांत उतरणारं, उलटी होईपर्यंत, भिंतीला डोकं टेकून बसावं लागेल असं दुखणं.

पिशवीच्या आधी आमच्याकडे वीट होती. चुलीच्या बाजूला ठेवायची, तापली की जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोटावर घ्यायची. वीट तापते चांगली, पण तिच्यासकट कुशीवर वळता येत नाही. मग मिठाची पुरचुंडी. जाडं मीठ तव्यावर परतायचं आणि फडक्यात बांधायचं. हा आजीचा उपाय, आणि खरं सांगते, वाईट नाही. फक्त दहा-पंधरा मिनिटांत थंड पडते आणि पुन्हा उठून तव्यापाशी जावं लागतं. दुखत असताना उठणं हेच तर जमत नसतं.

मध्ये एकदा विजेवरचा शेकायचा पट्टाही घेतला होता. मऊ, हलका, तीन नंबरचं बटण. ज्यांच्या घरी लाईट राहते त्यांनी खुशाल घ्यावा. आमच्याकडे पहिल्या वादळात डीपी जळाला आणि तीन दिवस गाव अंधारात होतं. नेमके तेच तीन दिवस माझे. पट्टा हातात घेऊन रडलेली बाई मीच. शेजारच्या वहिनींकडे ती फुगीर, आत पाणी भरलेली, प्लगला लावून तापवायची पिशवी होती. ती एका रात्री शिवणीतून फुटली. नशीब, तेव्हा प्लगमधून काढलेली होती. तेव्हापासून वीज आणि पाणी एकाच पिशवीत असलेली वस्तू मी घरात येऊ देत नाही.

रबरी पिशवीला काहीच लागत नाही. चूल असो की गॅस, पाणी तापलं की झालं. पहिले आठ दिवस सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो. आत खायचा सोडा घालून दोनदा धुतली तर कमी होतो. पाणी उकळू द्यायचं नाही, भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरले की उतरवायचं. पिशवी पाऊण भरायची नाही, त्याहून थोडी कमीच, दोन तृतीयांश. मग ती ओट्यावर आडवी ठेवून हळूच दाबायची, पाणी तोंडाशी आलं की हवा निघाली, तेव्हा बूच लावायचं. हवा राहिली तर पिशवी पोटावर बसत नाही, नुसती डुगडुगते. बुचातली रबरी चकती तेवढी जपा. माझी एकदा मोरीत गेली आणि मेडिकलवाला नुसती चकती देईना, म्हणाला, "पूर्ण पिशवीच घ्या ताई." शेवटी सायकलवाल्याने ट्यूबचा तुकडा कापून बसवून दिला. दीड वर्षं चालला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पिशवीच्या गळ्यावर फुलासारखा एक शिक्का असतो. मधोमध वर्षाचे आकडे, भोवती बारा पाकळ्या. ती पिशवी बनल्याची तारीख असते. रबर न वापरताही म्हातारं होतं, म्हणून घेताना जुना माल नाही ना ते त्या फुलावरून पाहायचं आणि दोन-अडीच वर्षांनी पिशवी बदलायची. मी चार वर्षं ओढली आणि गादी वाळवत बसले. त्यात कंपनीचा काही दोष नाही.

खोळ सोबत मिळत नाही. शिंपिणीला ही तक्रार शोभत नाही, पण बाकीच्यांनी काय करायचं? मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या दोन पदरी खोळी शिवल्या. खोळीसकट पिशवी डिसेंबरच्या थंडीत रात्री नऊला भरली तर एकपर्यंत कोमट राहते. उघडी ठेवली तर दोन तासही नाही. उन्हाळ्यात काय विचारता. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बाहेर लू, घरात कूलर घरघरतोय, आणि कूलरसमोर मी पोटावर गरम पाणी घेऊन पडलेली. पोराने एकदा विचारलं होतं, "आई, तुले थंडी वाजून राहिली का?"

ही झाली चार स्टारची पिशवी. दणकट, स्वस्त, कुठंही मिळणारी. आता पाचवा.

पिशवी इतकी गुणाची निघाली की मी डॉक्टरकडे जायचंच सोडून दिलं. आधी जात होते. तालुक्याला एका डॉक्टरांकडे दर महिन्याला इंजेक्शन, चार गोळ्या, शंभर-दीडशे रुपये. दुसऱ्यांनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट आला नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी येण्यासारखी फजिती नाही. सासूबाईंनी कागद न वाचताच ओळखला. "पाह्य, मी म्हटलं नव्हतं? बाईच्या जातीले हे असतेच." त्याआधी त्यांचं म्हणणं होतं की एक पोट्टं झालं की हे सारं जाते. दिवस गेले तेव्हा खरंच गेलं. नऊ महिने आणि वर अंगावर पाजत होते तोवर मी सुखात होते. पोरगा दीड वर्षाचा झाला, पाळी परत सुरू झाली, आणि ते दुखणं व्याजासकट परत आलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी, मी एकतीस वर्षांची असताना, पेन खाली न ठेवता विचारलं, "मुलगा आहे ना? मग पिशवी काढून टाका."

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. गावात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया मोजायला दोन हात पुरत नाहीत. सासूबाईंनीही काढली आहे. "माह्यी काढली, कटकट मिटली. तू बी काढून टाक." जेवताना हा विषय निघाला तेव्हा आमच्या ह्यांनी अर्धंच ऐकलं होतं. भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पिशवी काढून टाकते? मंग शेकशीन काह्यानं?" मी इतकी हसले की पोट धरावं लागलं, आणि पोट धरलं म्हणून पुन्हा दुखलं. पण त्या हसण्यातच ती गोष्ट तेव्हा टळली. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांची बातमी 2019 मध्ये सगळ्या पेपरांत आली होती, ती माझ्या डोक्यात बसलेली होती. 2023 मध्ये तर सुप्रीम कोर्टानेही राज्यांना बजावलं की गरज नसताना गर्भाशय काढणं थांबवण्याचे केंद्राचे नियम तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे हे आमच्याच गावात नव्हतं.

तर मी पोटातली पिशवी ठेवली आणि पोटावरचीच धरून राहिले. आणि मग दोन वर्षं कोणालाच दाखवलं नाही. कारण भागत होतं. दुखलं की भरायची, थंड झाली की पुन्हा भरायची. आधी पाळीचे दोन दिवस, मग चार, मग पाळीच्या आधीचे तीन दिवसही, मग अधलेमधले. शिवणयंत्रावर बसताना साडीच्या निऱ्यांमागे पिशवी खोचून ब्लाऊज शिवले आहेत मी. वेचणीला तर तीही नेता येत नाही. कमरेला झोळी बांधलेली, तिच्यात चार-पाच किलो कापूस, त्याचा सगळा ओढा नेमका ओटीपोटावर. बाया ओळीच्या त्या टोकाला पोचायच्या आणि मी मध्येच पऱ्हाटीत, कपाशीच्या झाडांत, बसलेली. मजुरी किलोवर असती तर मला त्या दिवशी चहापुरतेही मिळाले नसते. वावर घरचं म्हणून निभावलं.

2024 च्या जानेवारीत, वेचणी उरकल्यावर, सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात गेले. गेले तेही स्वतःसाठी नाही. सासूबाईंचे गुडघे दाखवायचे होते. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून म्हटलं एका फेरीत दोघींचं होऊन जाईल. हे आश्रमाजवळचं, 1969 साली निघालेल्या मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. आमच्याकडची माणसं कॉलेज म्हणत नाहीत, नुसतं "सेवाग्रामले नेलं" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की दुखणं मोठं आहे.

बायांच्या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान असतील. टेबलावर झोपवलं, साडी खाली केली, आणि त्यांनी हात लावायच्या आधीच विचारलं, "किती वर्षांपासून शेकताय?"

मी काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं ते माझ्या पोटाने. बेंबीच्या खाली तपकिरी रंगाची जाळी पडलेली होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी, फिकट, पण दिसेल अशी. मला ती माहीत होती. मला वाटायचं, बाळंतपणाचे व्रण असतील. मॅडम म्हणाल्या, ही उष्णतेने पडते. रोज रोज, महिनोन् महिने, चटका बसणार नाही इतपत गरम वस्तू एकाच जागी ठेवली की कातडीवर अशी नक्षी उमटते. चुलीसमोर बसणाऱ्या बायांच्या नडग्यांवर दिसते, काश्मीरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, पोटाशी धरणाऱ्यांच्या पोटावर दिसते. "आणि ज्यांचं दुखणं कोणी ऐकलं नाही त्यांच्या पोटावर," असं त्या म्हणाल्या नाहीत, ते मी मनात जोडलं.

मग त्यांनी जे विचारलं ते मला नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का? हो. लघवीला? कधी कधी. नवऱ्याजवळ जाताना आत खोल दुखतं का? सासूबाई बाहेर बाकावर बसलेल्या होत्या, तरी मी आधी दाराकडे पाहिलं. हो. दुसऱ्या दिवशीही ठणकतं का? हो. आठ वर्षांत पुन्हा दिवस का गेले नाहीत, काही साधन वापरता का? नाही वापरत. मला वाटायचं हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि चारही माझ्याच नशिबाचे. त्यांनी चारही एका दोऱ्यात ओवले. हाताने आतून तपासलं. मग सोनोग्राफी, या वेळी आतून केलेली. डाव्या अंडाशयावर चार सेंटिमीटरची गाठ. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण आत साचलेलं जुनं रक्त पातळ चॉकलेटसारखं दिसतं. नावं ठेवणाऱ्यांनी खाण्याच्या वस्तूला तरी सोडायचं होतं. पोराच्या वाढदिवसाचा केक मी तेव्हापासून पायनॅपलचा आणते.

आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. मी ते एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतलं, तरी घरी येईस्तोवर दोनदा चुकले.

मॅडमनी चित्र काढून समजावलं, पण मला ते परतीच्या बसमध्ये माझ्या भाषेत कळलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून बाहेर पडतं. तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर उगवतं, अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यांच्या बाजूला, लघवीच्या पिशवीवर. वावरातली सरकी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडून तिथं पऱ्हाटी उगवावी तसं. पाऊस वावरात पडतो तोच धुऱ्यावर पडतो, म्हणून हार्मोनचा पाऊस पडला की आतली वाढते आणि बाहेरचीही वाढते. आतल्या रक्ताला वाट आहे. धुऱ्यावरचं जागच्या जागी राहतं, तिथं सूज येते, चट्टे पडतात, आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. शौचाला दुखतं ते म्हणूनच. ती सरकी तिथं पडते कशी, याचा पूर्ण उलगडा अजून कोणाला झालेला नाही. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं असं एक मत आहे, पण तसं तर बहुतेक बायांचं जातं, आणि आजार काहींनाच होतो.

माझी पहिली सोनोग्राफी नॉर्मल का आली, हेही मी विचारलं. पातळ, बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत. गाठ झाली, खोल रुजलं, तर दिसतं, तेही बघणाऱ्याचा हात सवयीचा असेल तर. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि बाई आजारी, असं सर्रास होऊ शकतं. आधी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय हा आजार आहे असं म्हणत नसत. आता लक्षणं आणि तपासणीवरूनही औषध सुरू करतात. आणि गर्भाशय काढलं असतं तर? धुऱ्यावरचं धुऱ्यावरच राहिलं असतं. सोबत अंडाशयंही काढली असती तर एकतिसाव्या वर्षीच पाळी जाऊन हाडं ठिसूळ व्हायला लागली असती. हे ऐकल्यावर बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे मी पाहिलं. गुडघे दाबत बसल्या होत्या. त्यांची पिशवी कोणत्या वयात काढली ते मी तेव्हा पहिल्यांदा मनात मोजलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने हा आजार पाळीच्या वयातल्या दर दहा बायांमागे एकीला असतो, जगभरात सुमारे 19 कोटी. कोटीचा आकडा मला काही सांगत नाही. पण पुढच्या हंगामात वेचणीच्या रांगेत मी मोजलं, आम्ही चौदा जणी होतो. एक मी. आणखी कोणी असेल का म्हणून मी जी मध्येच बसते तिच्याकडे बघत राहते.

औषधाबद्दलही लिहितेच, कारण शेवटी फरक त्याने पडला. डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी, दोन मिलिग्रॅम, रोज एक, ठरलेल्या वेळेला, मध्ये खंड न पाडता. हे डॉक्टरांनी तपासून दिलेलं, माझं ऐकून कोणी मेडिकलमधून आणू नये. रात्री नऊच्या बातम्या लागल्या की माझी गोळी. पहिले तीन महिने वाईट गेले. रोज थोडा थोडा डाग, डोकं जड, आणि विनाकारण रडू. आमच्याकडे अडचणीचे चार दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही असा रिवाज होता. डाग काही थांबेना. आठवडा झाला, दुसरा झाला. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी पीठ मळायची परात माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "हे काही पाळी नोय. औषधाचं रक्त हाय. थाप भाकरी." घरातला तो रिवाज गेला तो गेलाच. गोळीच्या खोक्यावर हा फायदा लिहिलेला नाही.

चौथ्या महिन्यापासून पाळी बंद झाली. त्यावर नवीन धास्ती. साचलेलं रक्त आत कुजते, डोक्यात चढते, असं दोघी-तिघींनी येऊन सांगितलं. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, अस्तर वाढतच नाही तर साचणार काय? वावर पेरलंच नाही तर बोंडं कुठून येणार, इतकं सोपं होतं ते.

खर्च लागतो, लपवत नाही. पहिल्यांदा लिहून दिलेल्या कंपनीच्या गोळ्या महिन्याला हजाराच्या वर जायच्या. विचारल्यावर त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपनीच्या सातशेच्या आसपास मिळाल्या. 2024 च्या राखीपासून लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यात यायला लागले, त्यातले सातशे सरळ मेडिकलमध्ये जातात. वजन चार किलो वाढलं. गोळी चालू आहे तोवर सहसा दिवस राहत नाहीत, पण ती पाळणा लांबवायची गोळी नव्हे, तिच्या भरवशावर राहू नये. ज्यांना लेकरू हवं आहे त्यांची वाट वेगळी, ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. आणि याने आजार मुळासकट जात नाही. गोळी सोडली की परत येऊ शकतो. गाठ वाढली तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा विचार करू असं ठरलं आहे. वर्षाने माझी गाठ चार सेंटिमीटरची तीनवर आली. दुखणं दहापैकी नऊ होतं, आता दोन-तीन. काही दिवस चार. मी यात खूश आहे.

वेदनेच्या गोळ्यांचं एक सांगते, कारण आमच्या किराणा दुकानातही त्या सुट्या मिळतात. मी उपाशीपोटी, एकावर एक घेत होते, आणि तेही दुखणं टोकाला गेल्यावर. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी दुखायला लागल्या लागल्या, खाल्ल्यावर घ्यायची असते, नाहीतर ती पोट जाळते आणि दुखणंही धरत नाही. 2023 च्या शेवटी तिच्याबद्दल सरकारी सूचनाही निघाली होती. क्वचित कोणाला अंगावर पुरळ, ताप, सूज अशी मोठी ॲलर्जी येऊ शकते, तसं दिसलं तर थांबवून डॉक्टरकडे जायचं. किराणा दुकानदार हे सांगत नाही.

मग पिशवी सोडली का? नाही. मॅडमनी सोडायला सांगितली नाही. गरमीने आतले आखडलेले स्नायू सैल पडतात, तो आराम खरा आहे. फक्त पाणी कमी गरम, खोळ जाड, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, आणि पोटाशी घेऊन झोपायचं नाही. जाळीची जागा मध्ये मोकळी सोडायची. दोन वर्षांत ती जाळी बरीच फिकट झाली आहे, पण उन्हात उभं राहून पाहिलं तर दिसते. म्हणून एक स्टार कमी. खोक्यावर बारीक अक्षरांत चटक्याचा इशारा आहे, पाणी किती गरम ते आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा ते आहे. महिन्यातून इतके दिवस लागायला लागली तर दाखवून या, एवढी एक ओळ कोणी छापली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. कंपनीला हे पटणार नाही, तिला पिशव्या विकायच्या आहेत. तरी मी लिहून ठेवते.

नव्या पिशवीबद्दल अजून फार लिहिता येत नाही, कारण ती माझ्याकडे नाही. दिवाळीत ननंदबाई आल्या होत्या, त्यांची पोरगी दहावीत आहे. भाऊबीजेच्या दिवशी ती ओवाळायला उठली नाही. मी खोलीत गेले तर पाय पोटाशी घेऊन पडलेली, ओठ पांढरे. "मामी, ते तुमची पिशवी द्या ना." मी भरून दिली. विचारलं, शाळा बुडते का? दर महिन्याला दोन दिवस. उलटी? कधी कधी. ननंदबाई दारातून म्हणाल्या, "या वयात असंच असते, वहिनी. तिले सवय होऊन जाईन." मी पोरीच्या पोलक्याची कडा थोडी वर केली आणि पोट पाहिलं. जाळी नव्हती. कोरं होतं.

एक वही दिली तिला. कोणत्या तारखेला दुखलं, किती दुखलं, शाळा बुडली का, कुठली गोळी घेतली, एवढंच लिहायचं. नाताळच्या सुट्टीत तिला सेवाग्रामला नेते म्हटलं. तिला माझंच दुखणं आहे असं मी म्हणत नाही. दहावीतल्या पोरींचं साधंही असू शकतं, पण ते सांगायचं काम माझं किंवा तिच्या आईचं नाही. ननंदबाईंचं तोंड वाकडं झालं. एवढ्याशा पोरीला बायांच्या दवाखान्यात नेल्याचं गावात कळलं तर काय म्हणतील, वगैरे.

सासूबाई पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता लेकीला म्हणाल्या, "जाऊ दे तिच्यासंग. दाखवून येऊ दे." मग थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "आन् ते पिशवी वापस आणजो म्हणा पोरीले. माह्या गुडघ्याले लागते."